टोंक रोडच्या सवाऱ्या

जयपूरला निघालेल्या माणसाला सीतापुरा बघून ये, असं कुणी सांगत नाही. आमेरचा किल्ला, हवामहल, जंतरमंतर, बापू बाजारात मोजड्यांची घासाघीस आणि एका संध्याकाळी चोखी ढाणीत दाल-बाटी-चूरमा, ही यादी ठरलेली. चोखी ढाणीकडे जाताना टोंक रोडच्या डाव्या अंगाला कारखान्यांच्या भिंती, कॉलेजांचे फलक, इस्पितळ, मालाच्या ट्रकांच्या रांगा असं बरंच काही मागे पडत जातं. तेच सीतापुरा. पर्यटकांची गाडी तिथे थांबलीच तर सिग्नलपुरती.

मी मात्र थेट सीतापुऱ्यालाच गेलो. पुतण्या तिथे तयार कपड्यांच्या कारखान्यात आहे आणि बिऱ्हाड शेजारच्या प्रतापनगरात. "काका, या जरूर, पण इथे दाखवण्यासारखं काही नाही हो," असं तो फोनवर म्हणाला. त्याला काय कल्पना! ज्याचा जन्म एसटीच्या वाहतूक शाखेत फेऱ्यांची वेळापत्रकं लावण्यात गेला, त्याला कुठल्याही चौकात नेऊन उभं करा. बस, रिक्षा, टेम्पो येताहेत-जाताहेत, दिवस कधी मावळला ते कळायचं नाही. परक्या गावात लोक देवळांची शिखरं बघतात, मी टपावरचं सामान बघतो.

विमानाने मुंबईहून दोन तासांत जाता येतं. विमानतळ सांगानेरला, सीतापुऱ्यापासून अगदी जवळ. पण दोन तासांत आपण फक्त पोचतो. म्हणून मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सातच्या सुमारास सुटणारी जयपूर सुपरफास्ट धरली. सुरत, वडोदरा जेवणाच्या आणि अंथरुणाच्या गडबडीत जातात, रतलाम झोपेत, आणि सकाळी चहाच्या पेल्याबरोबर कोटा येतं. तिथून पुढे सवाई माधोपूर. या स्टेशनावर गाडीचं तोंड फिरतं. इंजिन सुटतं, शेजारच्या रुळावरून निघून जातं आणि शेवटच्या डब्याला येऊन जुंपलं जातं. रात्रभर जो पुढे बघत आला तो आता पाठीकडून जयपूरला निघतो. आमच्या डब्यातल्या एका आजीबाईंना हे पटेना. गाडी परत मुंबईला निघाली म्हणून त्या पिशव्या गोळा करायला लागल्या. शेवटी फलाटावरच्या पेरूवाल्याने शपथ घेऊन सांगितलं, तेव्हा कुठे बसल्या. नव्वदच्या दशकात इथून जयपूरपर्यंतचा मार्ग रुंद झाला. त्याआधी मीटर गेज होतं, आणि मुंबईच्या माणसाला इथे उतरून, ट्रंक-वळकट्यांसह छोट्या गाडीत बसावं लागे.

समोरच्या बाकावर विट्याकडचे एक गृहस्थ होते. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली आहेत. कुठल्याही शहरातल्या सराफ कट्ट्यावर सांगलीकडची मराठी कानावर पडते ती त्यांच्यामुळे. हे गृहस्थ जयपूरच्या जोहरी बाजारात. मी सीतापुऱ्याचं नाव काढल्यावर ते खुलले. तिथल्या दागिन्यांच्या कारखान्यांशी त्यांचा संबंध सोन्यापेक्षा केराशी जास्त. कारागिरांच्या टेबलाखालची धूळ, त्यांनी हात धुतलेलं पाणी, जुनी पायपुसणी, यातलं काही कुणी फेकून देत नाही. ते जाळायचं, गाळायचं, आटवायचं, आणि त्यातून सोन्याचा कण काढायचा. "सीतापुऱ्याला जायचं, मग जयपूर स्टेशनला कशाला जाताय? दुर्गापुऱ्याला उतरा की," ते म्हणाले. "जयपूर स्टेशनवरनं परत हितवरच यायला तुमचा तास मोडंल."

बनास नदीचं रुंद वाळूचं पात्र गेलं, बनस्थली-निवाईला विद्यापीठाच्या मुलींचा घोळका उतरला, चाकसू गेलं, सांगानेर गेलं आणि दुर्गापुरा आलं. स्टेशन लहान, पण तिथून टोंक रोड जवळ. माझ्या मते जयपूर समजून घ्यायला हवामहलापेक्षा हाच रस्ता जास्त उपयोगाचा.

१७२७ मध्ये सवाई जयसिंहाने जयपूर वसवलं तेव्हा मिरवणुका, हत्ती, रथ यांना पुरतील असे रस्ते आखले. शहराच्या दक्षिणेच्या दरवाजांना त्यांच्या वाटेवरच्या गावांची नावं आहेत: अजमेरी गेट, सांगानेरी गेट. सांगानेर तर जयपूरपेक्षा जुनं. कापडावर ठशांची छपाई आणि हातकागद यांसाठी नावाजलेलं. शहर हळूहळू त्या दिशेला सरकत गेलं, विमानतळ ओलांडून, सांगानेरच्याही पुढे, आणि तिथे सरकारी महामंडळाने औद्योगिक वसाहत काढली. कपडे, रत्नं, दागिने, हस्तकला, पुढे कॉलेजं, प्रदर्शनाची मोठी दालनं. या वसाहतीलाही एक दरवाजा आहे. इंडिया गेट. बसवाल्यांच्या तोंडी सीतापुऱ्याचं नाव निम्म्या वेळा तेच असतं.

दुर्गापुऱ्याहून या इंडिया गेटला जायचे मार्ग किती? बघावं तितके. महापालिकेच्या सेवेतली लो-फ्लोअर बस आहे. खाजगी मिनी बस आहे, तिचा कंडक्टर दारात एका पायावर उभा राहून अर्धं अंग बाहेर काढतो. मॅजिक नावाची छोटी चारचाकी आहे, तिच्यात किती माणसं बसतात हे कागदावर वेगळं आणि टोंक रोडवर वेगळं. ऑटो आहे, आतल्या रस्त्यांना ई-रिक्षा आहेत, मोबाइलवर बोलावली की येणारी मोटरसायकल आहे, मोटार आहे. ऑटोच्या मागच्या पत्र्यावरची नावं मी सवयीने वाचतो. बजाज असेल तर आपल्या वाळूजची, पियाजिओ असेल तर बारामतीची. परमुलुखात गाववाला भेटल्यावर जसं बरं वाटतं तसं वाटतं.

मी मिनी बस घेतली. बसलो म्हणणं खोटं ठरेल; इंजिनाशेजारच्या पेटीवर कंडक्टरने मला टेकवलं. "बाबूजी, सरको थोड़ा," असं म्हणून माझ्या शेजारी दोन पोती आणि एक शाळकरी पोरगा. मग त्याची आरोळी सुरू झाली: "सांगानेर थाना, हल्दीघाटी, कुंभा, इंडिया गेट, इंडिया गेट!" प्रतापनगरातल्या रस्त्यांना मेवाडच्या इतिहासातली नावं आहेत, हल्दीघाटी मार्ग, कुंभा मार्ग. त्यामुळे त्या बसमध्ये अशी वाक्यं ऐकू येतात की इतिहासाच्या मास्तरांनी कानात बोटं घालावीत. "हल्दीघाटीवाले आगे आ जाओ, राणा कुंभा पीछे रहो." एक बाई चिडून म्हणत होती, हल्दीघाटीचे दहा होतात, पंधरा कसले मागतोस? तीन सुटी नाणी इकडून तिकडे गेली आणि तह झाला.

या सगळ्या खाजगी गाड्यांना वेळापत्रक नाही. निदान भिंतीवर लावलेलं नाही. सुरुवातीला माझ्यातला एसटीवाला या गोष्टीने अस्वस्थ झाला. मग एका संध्याकाळी पुतण्याच्या कारखान्याबाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिलो आणि समजलं की वेळापत्रक आहे, पण ते गाडीवाल्याने लावलेलं नाही. सहाला थोडा अवकाश असताना रस्ता मोकळाच होता. एक मॅजिक आली, गेटपासून थोडं पुढे झाडाखाली लागली. मग दुसरी. मग ई-रिक्षा, चार-पाच. कुणी कुणाला हाक मारली नाही, हॉर्न नाही. चालकांनी चहा घेतला, एकाने टायरवर पाणी मारलं. आणि गेट उघडलं.

आधी बायका आल्या. ओढणीला, कुर्त्याच्या बाहीला सुताचे रंगीत तुकडे चिकटलेले, हातात रिकामा डबा. ज्या त्या गाडीशी जी ती जाऊन उभी राहिली. गाडी कुठे जाणार हे विचारायची गरजच नव्हती. नंतर पलीकडच्या आळीतून रत्नं घासणारे कारागीर आले. त्यांच्यातला एक माझ्या शेजारी चहाला टेकला. नखांच्या कडांत पॉलिशची हिरवट पूड बसलेली, धुऊनही न गेलेली. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची टोकं चपटी झालेली. सगळा दिवस तांदळाच्या दाण्याएवढा पन्ना काडीच्या टोकाला लाखेने चिकटवून फिरत्या चाकावर धरायचा, त्याची ही खूण. मी विचारलं, रोज याच गाडीने? तो म्हणाला, गाडी तीच असते, गाडीवाला बदलतो. पंचवीस-तीस मिनिटांत सगळं ओसरलं. टपरीवाल्याने भांडी विसळायला घेतली. आमच्या डेपोत अशा जादा फेऱ्या काढायच्या म्हणजे फोन, पत्र, मंजुरी, आणि तोवर यात्रा संपलेली.

आपल्याकडेही हे आहेच. सातारा-सांगलीकडचं वडाप, मराठवाडा-विदर्भातली काळी-पिवळी, रायगडातली मिनीडोर, सहा आसनी टमटम. थायलंडमधल्या छोट्या गावांत पिकअपच्या मागे दोन समोरासमोर बाकडी टाकलेली सोंगथेव चालते, फिलिपिन्समध्ये जीपनी. परक्या गावात उतरलेल्या प्रवाशाला प्रश्न सगळीकडे सारखाच पडतो: ही गाडी सुटणार कधी? उत्तरही सगळीकडे सारखं, भरली की. एसटीत होतो तेव्हा वडापवाल्यांना आम्ही शिव्या घातल्या. आमच्या फेरीच्या पाच मिनिटं आधी स्टँडबाहेर उभं राहून ते आमचं भारमान, म्हणजे आमच्या गाडीत भरायची माणसं, पळवायचे. सीतापुऱ्याच्या त्या झाडाखाली मात्र मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. लोकांच्या सुटण्याच्या वेळेवर इतकं अचूक हजर राहणं आम्हाला जमलं नाही.

सीतापुऱ्यात परीक्षा केंद्रं फार. संगणकावरच्या परीक्षांची तर ओळखच या वसाहतीशी जोडलेली. परीक्षेच्या दिवशी सकाळी टोंक रोडचं रूप वेगळंच असतं. दौसा, टोंक, सवाई माधोपूर, शेखावाटीकडून पोरं आदल्या रात्रीच निघालेली, काही इंडिया गेटच्या आसपास दुकानांच्या पायऱ्यांवर झोपलेली. बापलेक, नवरा-बायको, कडेवर तान्हं मूल घेऊन आलेली आजी, कारण आईचा पेपर आहे. ई-रिक्षावाल्यांना सगळ्या केंद्रांची नावं पाठ. प्रवेशपत्र हातात घेऊन, न वाचता, नुसता कागदाचा ढंग बघून ते सांगतात कुठे जायचं. त्या दिवशी भाडं दुप्पट, हे खरं. पण उशीर झालेल्या एका मुलीला एकजण आधी सोडून आला आणि मग पैसे घेतले, हेही पाहिलं. केंद्राच्या दारात तपासणी: पूर्ण बाह्या चालत नाहीत, बूट चालत नाहीत, धातू अंगावर चालत नाही. मुली रांगेत उभ्या राहून कानातलं, बांगड्या, नाकातली चमकी काढत होत्या आणि बाहेर थांबलेल्या भावांच्या ओंजळीत देत होत्या. दोन गल्ल्या पलीकडे, परदेशी पाठवायला, कानातली आणि चमक्या घडत होत्या.

या रस्त्याने एक भयंकर संध्याकाळही पाहिली आहे. २९ ऑक्टोबर २००९. सीतापुऱ्यातल्या इंडियन ऑइलच्या डेपोत शेजारच्या डेपोकडे पेट्रोल पाठवण्याची तयारी चालली असताना गळती सुरू झाली. ती कुणाला थांबवता आली नाही. तासाभराहून अधिक वेळ वाफेचा ढग जमिनीलगत पसरत राहिला, आणि मग स्फोट. काही किलोमीटरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. माणसं गेली. टाक्या आठवड्याहून जास्त जळत होत्या, धुराचा पट्टा शहरावर होता. चहावाला तेव्हा विशीतला. त्याने सांगितलं, त्या रात्री भाडं कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. मॅजिक, ट्रॅक्टर, दुधाच्या गाड्या, उंटगाडी, जे चाकावर होतं त्यात माणसं चढली आणि शहराकडे निघाली. ज्या इंधनावर यातल्या बऱ्याच गाड्या चालतात त्याचीच ती आग.

इतकं सगळं असून सीतापुऱ्यात एक गोष्ट मला टोचत राहिली. पुतण्याची बायको, आमची सूनबाई, तिथल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आहे. तिची पाळी कधी रात्री नऊला सुटते, कधी दहाला. त्या वेळी झाडाखाली एकही मॅजिक नसते. का असावी? सुटणाऱ्या चार-पाच बाया, त्यातल्या दोघी प्रतापनगरच्या, एक सांगानेरची, एक आणखी कुठली. गाडी भरत नाही. भरत नाही म्हणून सुटत नाही, सुटत नाही म्हणून उभीच राहत नाही. मोबाइलवरून मोटार बोलावली तर त्या वेळी तिचं भाडं चढतं, आणि चालकाचा फोन येतो, "मॅडम, ड्रॉप कहाँ है?" सांगितलं की रद्द. म्हणून रोज पुतण्या स्कूटर घेऊन जातो. तो बाहेरगावी असला की ती मैत्रिणीकडे मुक्काम करते. मी एकदा तिच्याबरोबर रस्ता ओलांडला. टोंक रोड तिथे रुंद, मधे दुभाजक, ओलांडायला जो 'कट' आहे तो बऱ्याच पुढे. कोट्याकडून येणारे ट्रक उतारावरून आल्यासारखे येतात. ती माझा दंड धरून म्हणाली, "काका, पळू नका, आणि थांबूही नका." ती हे रोज एकटी करते.

वडापवाल्यांना मनातून केलेला नमस्कार त्या रात्री अर्धा परत घेतला.

आमच्या खात्यात 'मुक्कामी गाडी' असायची. संध्याकाळी तालुक्याहून निघायची, शेवटच्या खेड्यात रात्री चालक-वाहक देवळात नाहीतर शाळेच्या ओसरीवर झोपायचे, पहाटे तीच गाडी दूधवाले, कॉलेजची पोरं, बाळंतपणाला निघालेली बाई घेऊन परत यायची. जाताना कित्येकदा तीन माणसं असत. हिशेब तपासणीला आलेले साहेब त्या फेरीवर लाल शाईची रेघ मारत, आणि आम्ही ती फेरी दुसऱ्या नंबराखाली पुन्हा घालत असू. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी सुटली तेव्हापासून एसटीवर हजार आरोप झाले, त्यातले बरेच खरे. पण तीन माणसांसाठी सुटणारी गाडी ही चैन नव्हती. आपण पुष्कळजण असतो तेव्हा कुठलंही वाहन येतं, बोलावलं नाही तरी येतं. एकटं असताना जे ठरल्या वेळी येतं त्याच्यासाठी सरकार लागतं, आणि तोटा सोसायची तयारी लागते. सीतापुऱ्याहून रात्री दहाला, दोन माणसं असोत की एक, ठरलेल्या मिनिटाला सुटणारी एक बस असती, तर माझ्या सूनबाईची पगारवाढ झाल्यासारखं झालं असतं.

मेट्रोची चर्चा चहाच्या प्रत्येक टपरीवर आहे. जयपूर मेट्रो ३ जून २०१५ ला मानसरोवर ते चांदपोल सुरू झाली, सप्टेंबर २०२० मध्ये बडी चौपडपर्यंत गेली. दुसरा टप्पा आधी सीतापुरा ते अंबाबाडी असा आखला होता, पुढे तो दोन्ही टोकांना वाढवून प्रल्हादपुरा ते टोडी मोड असा केला. मी गेलो तेव्हा टोंक रोडवर तिचे खांब नव्हते, जमिनींचे भाव मात्र तिच्या नावाने वर गेलेले होते. मेट्रो यावी, जरूर यावी. पण इंडिया गेटला उतरलेला माणूस आत कारखान्यापर्यंत जाणार ई-रिक्षानेच, आणि दहा वाजता ती असेल का, हा प्रश्न खांबांनी सुटणारा नाही.

कुणाला दगड निवडायला, कुणाला प्रदर्शनाला, कुणाला मुलीच्या परीक्षेला म्हणून सीतापुऱ्याला जावं लागतंच. मुंबईहून जात असाल तर जयपूर सुपरफास्टने जा आणि तिकीट दुर्गापुऱ्याचं काढा. मिनी बससाठी दहा-वीसच्या नोटा खिशात ठेवा; शंभराची दिलीत तर सुटे इंडिया गेट आल्यावर मिळतील, तोवर कंडक्टरवर विश्वास ठेवा. मॅजिकने जायचं तर सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास. परीक्षेला आदल्या दिवशी पोचा आणि केंद्राचं दार बघून या. आणि लो-फ्लोअर बस रिकामी दिसली, थोडी उशिरा आली, तरी शक्य असेल तेव्हा तीच घ्या. तिकीट मागून घ्या. त्या फेरीचं भारमान कुठेतरी लिहिलं जातं, आणि कुठली फेरी बंद करायची हे त्याच कागदावरून ठरतं.